अर्धी मॅच मैदानाची

"ताई, सर गेले..." एवढंच बोलून माझ्या धाकट्या भावानं फोन तसाच चालू ठेवला. पलीकडून मैदानावरच्या पोरांचा गलका येत होता, मग तोही हळूहळू थांबला. कोणीतरी त्यांनाही सांगितलं असावं. मी ऑफिसात होते. "कधी?" एवढं विचारलं, "सकाळी" एवढं ऐकलं. फोन ठेवल्यावर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी "कोण गेलं गं?" म्हणून विचारलं, तर मला पटकन नातं सांगता येईना. गुरू माझ्या भावाचे. पण दुःख कुठलं आणि राग कुठला, हे त्या क्षणी माझं मलाच वेगळं करता आलं नाही. शिवाय प्रशिकनं, माझ्या या भावानं, आपण होऊन मला फोन केला होता. गेली काही वर्षं आम्हा दोघांत सणावारापुरतंच बोलणं उरलं होतं, आणि त्याचं कारण सरच होते.

मनोहर सरांना जाऊन महिना उलटला. त्यांच्यावर आमच्या अमरावतीत लिहून आलं, अकोल्यात लिहून आलं. 'गरिबाच्या पोरांचा बाप' म्हटलं कोणी, कोणी 'मैदानाचा तपस्वी'. मी सगळं वाचलं. त्यात खोटं काही नाही. पण पुरं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, आणि अर्धवट वाचून मान डोलवायची नाही, एवढं तरी तिथं शिकले. म्हणून उरलेलं मी लिहिते.

आमचे बाबा गवंडी. मैदानाला लागून एक भिंत बांधायचं काम त्यांच्याकडं होतं आणि शाळेला सुट्टी म्हणून प्रशिक त्यांच्यासोबत जायचा. विटा भिजवायच्या सोडून हा भिंतीवर फुटबॉल मारत बसायचा, कोणाचा तरी फाटका. सरांनी ते पाहिलं आणि संध्याकाळी थेट घरी आले. वर्कशॉपातली ड्यूटी सुटली की ते तसेच पोरांना शिकवायला मैदानावर यायचे, त्यामुळे हाताला ग्रीसचा वास होता. खाटेवर बसले नाहीत, उंबऱ्यावरच बसले.

"हे पोट्टं मले द्या."

"काय करसान त्याचं?" बाबा म्हणाले.

"गोल मारणारा करतो."

"त्यानं पोट भरते काय, सर?"

"नाई भरत. पण मैदानावरून उपाशी घरी येनार नाई, एवढं माह्याकडं लागलं."

आणि तो शब्द त्यांनी पाळला. भिजवलेले चणे, गूळ, आणि मॅच जिंकली की गिला वडा, दही-चटणी ओतून. हरली तरी कधीकधी गिला वडा असायचाच. "हरल्यावर भूक जास्त लागते बे," म्हणायचे. प्रशिकला आणायला म्हणून मी जायची आणि कडेला बसून अभ्यास करायची. बारावीनंतर आमच्याकडं माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं, तेव्हा हेच सर पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसले. "पोराले माह्या हवाली केलं, तसं पोरीले कॉलेजच्या हवाली करा," म्हणाले. बाबांनी त्यांचं ऐकलं. म्हणजे मी आज जी काही आहे त्यातही सरांचा हात आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की हिला उपकाराची जाण नाही. तसं म्हणून झालेलंच आहे माझ्या मागं.

आमचं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात त्याला अशा भेगा पडतात की चेंडू टप्पा पडल्यावर कुठं पळेल ते त्या चेंडूलाही माहीत नसतं. बाकीची पोरं चेंडू खाली यायची वाट पाहायची. प्रशिक वाट पाहायचाच नाही. टप्पा पडायच्या आत त्याचा पाय तिथं असायचा. उजवा का डावा, हेही तो बघायचा नाही. सरांनी त्याला ते शिकवलं नाही. पण ते मोडलंही नाही, आणि माझ्या मते हे शिकवण्याहून अवघड होतं. बाहेरून आलेले मार्गदर्शक सांगायचे, आधी चेंडू थांबवायला शिक. सर त्यांच्या देखत मान हलवायचे आणि ते गेले की प्रशिकला म्हणायचे, "थांबवू नको. आपल्या मातीत थांबलेला चेंडू दुसऱ्याचा असते."

नागपूरला एका स्पर्धेत त्याला बाहेरच्या राज्यातल्या एका व्यावसायिक क्लबच्या माणसांनी पाहिलं आणि चाचणीला बोलावलं. त्यात तो निवडला गेला. मग करार आला, सगळा इंग्रजीत. आमच्या घरात तो वाचू शकणारी मी एकटी. बाबा, आई, प्रशिक आणि सर समोर बसले, आणि मी एकेक कलम वाचून मराठीत सांगितलं. क्लबच्या लेखी परवानगीशिवाय दुसरीकडं कुठंही, कसलाही सामना खेळायचा नाही, हे कलम मी दोनदा सांगितलं, कारण सरांनीच मला थांबवून विचारलं, "कसलाबी म्हंजे आपला अकोल्याचाबी?" मी म्हटलं, "अकोल्याचाबी, सर. गल्लीतलाबी." मग म्हणाले, "समजलं, बेटा." ही दोन शब्दांची गोष्ट ध्यानात ठेवावी, अशी वाचकांना विनंती आहे.

पहिल्या हंगामात तो बहुतेक वेळ बाकावरच बसला. फोन केला की म्हणायचा, "ताई, इथलं गवत इतकं गुळगुळीत आहे की मले कसंतरीच होते." मग एका सामन्यात शेवटी शेवटी त्याला उतरवलं. आमच्या खोलीत अर्धी गल्ली जमली होती, एका मोबाइलवर. निवेदकानं आमचं आडनाव असं काही उच्चारलं की ते आमचं आहे हे कळेपर्यंत चेंडू जाळीत होता. टप्पा पडायच्या आत, डाव्या पायानं. आईनं तोंडावर पदर घेतला. बाबा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. सर मात्र मोबाइलकडं बोट दाखवून शेजाऱ्यांना सांगत होते, "पाहिलं? थांबवला नाई!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. ते पाणी खरं होतं. आजही माझा त्यावर विश्वास आहे, आणि म्हणूनच पुढचं समजायला मला जड जातं.

आमच्या मैदानाची एक रीत होती, सरांनीच पाडलेली. इथं शिकलेला पोरगा कुठंही गेला, पोलिसात, रेल्वेत, पलटणीत, तरी अकोल्याच्या वार्षिक स्पर्धेत आपला संघ फायनलला पोचला की त्यानं यायचं आणि पहिला अर्धा खेळ आपल्या संघाकडून खेळायचा. दुसरा अर्धा शिकाऊ पोरांचा. याला म्हणायचं 'अर्धी मॅच मैदानाची'. नोकरीवाल्या पोरांना कोणी जाब विचारत नव्हतं. साहेबच सुट्टी द्यायचे. अकोलेकर चिडवायचे, "अमरावतीवाले पाहुण्याच्या जिवावर जिंकते!" आमचे म्हणायचे, "पाहुणा नाई बापा, घरचाच आहे, चहा प्यायले आला." चेष्टा चालायची, पण रीत मोडायची कोणाची छाती नव्हती.

प्रशिक दुसऱ्या हंगामाआधी सुट्टीवर घरी आला आणि नेमका आपला संघ फायनलला. सर आले. उंबऱ्यावर बसले. मी कराराचं बोलले तर म्हणाले, "बेटा, यादीत दुसऱ्या पोट्ट्याच्या नावानं खेळते तो. अर्धीच मॅच. कोणाले समजनार आहे?" मी प्रशिककडं पाहिलं. तो खाली पाहत होता. माझ्या भावाला जगातल्या कोणत्याही गोलकीपरची भीती वाटली नाही, पण सरांना नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही.

मूर्तिजापूरच्या रस्त्यानं जीप भरून आम्ही अकोल्याला गेलो. प्रशिकनं पहिल्या अर्ध्यात गोल मारला आणि त्या पोरांनी काय जल्लोष केला... मध्यंतराच्या आधी अकोल्यानं फेडलाही. मध्यंतरात मी सरांजवळ गेले. "सर, अर्धी झाली. त्याले बसवा." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "थोडाक वेळ, बेटा. बरोबरीत आहे." आपण पाडलेली रीत आपल्याच हातानं मोडताना माणसाचा आवाज कसा असतो, ते मी ऐकलं. अगदी नेहमीसारखा असतो. थोड्याच वेळात एका उंच चेंडूला प्रशिक धावला, पाय तिथल्याही काळ्या मातीच्या भेगेत गेला आणि बाकीचं शरीर पुढं. गुडघा वळला तो वळलाच. संघ जिंकला, हे मला नंतर दवाखान्यात कळलं.

गोलचा व्हिडिओ कोणीतरी टाकलाच. क्लबकडून फोन आला तो मी घेतला. पलीकडचा माणूस सभ्य होता. मी म्हटलं, त्याला त्याच्या सरांनी खेळायला लावलं, त्यांनाच विचारा. तो म्हणाला, विचारलं. सर म्हणाले की मुलगा आपल्या मनानं आला, मी नको म्हणत होतो... आणि करारात असं काही आहे हे आम्हा अडाणी लोकांना माहीतच नव्हतं. अडाणी! ज्या माणसासमोर बसून मी ते कलम मराठीत दोनदा सांगितलं, त्यानं माझ्या शिक्षणावरच पाणी फिरवलं होतं. क्लबनं करार तिथंच संपवला.

मी तडक सरांकडं गेले. ते मैदानावर चुन्याची रेघ मारत होते. "सर, तुमी असं सांगतलं?" त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, "बेटा, माह्या मागं अख्खं मैदान आहे. माह्यं नाव खराब झालं त या बाकीच्या पोट्ट्यायले कोणता क्लब दारात उभा करन?"

"आणि प्रशिक?"

"त्याचा पाय त गेलाच ना बाई..."

"पाय गेला सर, पण तो खोटारडा नव्हता."

ते रेघ मारू लागले. रेघ मात्र वाकडी गेली.

घरी येऊन मी हे सगळं प्रशिकला सांगितलं. तो भिंतीकडं तोंड करून झोपला होता. म्हणाला, "सर असं म्हननारच नाईत. तू जास्त शिकली ना, म्हनून तुले सगळीकडं खोटंच दिसते." आई म्हणाली, ज्यानं तुझं कॉलेज केलं त्याच्यावर जीभ उचलते! मी गप्प बसले नाही, नातेवाइकांत बोलले, गल्लीत बोलले. कोणी मानलं नाही, कारण ज्याचं नुकसान झालं तोच नाही म्हणत होता. गुडघा बरा झाल्यावर प्रशिकनं दोन-तीन ठिकाणी चाचण्या दिल्या, पण टप्प्याच्या आत पोचणारा तो पाय आता टप्प्यानंतर पोचायचा. मग त्यानं अकोल्याच्या एका शाळेत खेळशिक्षकाची नोकरी धरली आणि सुट्टीच्या दिवशी सरांच्या हाताखाली मैदानावर उभा राहू लागला. त्याच सरांच्या! मी मैदानाची वाट सोडली.

सरांना खांदा प्रशिकनं दिला. शोकसभेत तो बोलायला उभा राहिला. वाटलं, आता तरी सांगेल. तो "सर नसते तर मी विटाच भिजवल्या असत्या" म्हणाला आणि खाली बसला. लोकांनी डोळे पुसले.

सभा संपल्यावर मी सरांच्या खोलीत गेले, मैदानाच्या कोपऱ्यातल्या, जिथं जाळ्या आणि चेंडू ठेवतात. प्रशिक जाळी गुंडाळत होता. मी म्हटलं, "आता त सर नाईत. आता त मान."

तो जाळी गुंडाळतच म्हणाला, "मले माहीत होतं, ताई. पयल्यापासून. गुडघा गेला त्याच दिवशी सर दवाखान्यात आले होते, तू औषध आनाले गेली तवा. माह्ये पाय धरले त्यायनं. म्हनले, क्लबवाल्यानं इचारलं त काय सांगू? मीच म्हनलं, पोट्टा आपल्या मनानं खेळला म्हना. गुडघ्यातून आवाज आला तवाच मले समजलं होतं, माह्यं संपलं. मैदान तरी राहू द्या म्हनलं."

"आन् मले काहून नाई सांगतलं?"

"तू गप बसली असती काय? तुले खोटं बोलता येत नाई."

ही स्तुती होती की काय, मला अजून कळलेलं नाही. दोघांनी मिळून ठरवलं, आणि त्यांचं ठरलेलं टिकावं म्हणून इतकी वर्षं खोटारडी मी ठरले. आणि प्रशिक म्हणतो, मीच आपणहून म्हटलं. ज्याच्या आपण पाया पडतो, तो आपले पाय धरतो तेव्हा ते विचारणं नसतं, हुकूम असतो. एवढं त्याला अजून समजलेलं नाही. मी हे लिहिते आहे ते त्याला माहीत आहे. नको म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही.

त्या खोलीत जुन्या टायरवर एक माठ आहे. मैदानावर कोणीही येवो, भांडायला का येईना, आधी त्याच्या हातात पाणी द्यायचं, मग काय ते बोलायचं, हा सरांचा नेम. त्या दिवशी प्रशिकनं जाळी खाली ठेवली, ओगराळं माठात बुडवलं आणि ग्लास भरून माझ्यापुढं केला, तसाच, सर करायचे तसा, ग्लासाचं बूड दुसऱ्या हाताच्या तळव्यावर ठेवून. ऊन होतं, मी चालत आले होते. मी पाणी प्याले. ग्लास परत दिला. झालं ते झालं, असं काही मी म्हटलं नाही... आणि ते ऐकायला तो बराच वेळ ओगराळं हातात धरून उभा होता.