आईची सोडत

सरांना घरातही सरच म्हणत. बायकोसुद्धा. "सर, तेवढी भाजी निवडून द्या," असं तिनं म्हटलं की त्यांना काम करण्यात कमीपणा वाटत नसे. गेली वीस वर्षं ते प्रोग्रॅमिंगचे क्लास घेत होते, आणि एवढ्या काळात आपलं काही चुकलं असं त्यांच्या तोंडून निघाल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

वडील गेल्यावर आईनं कोणाकडे राहायचं हा विषय तिघा भावांमध्ये निघाला. मधला म्हणाला, "माझ्याकडे राहू दे की." धाकटा म्हणाला, "माझ्याकडेही चालेल." विषय तिथेच मिटला असता, पण मग थोरल्यानं, म्हणजे सरांनी, हूं का चूं केलं नाही हे सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं असतं. आठवड्याभरात सरांनी दोघांना बोलावून घेतलं आणि घसा खाकरला. "हे बघा, भावनेच्या भरात काही ठरवायला नको. दर सहा महिन्यांनी सोडत काढू. कॉम्प्युटर कोणाचा सगासोयरा नसतो."

प्रोग्रॅम त्यांनी तिथल्या तिथे खरडला. प्रोग्रॅमिंगच्या लायब्ररीतलं रँड नावाचं तयार फंक्शन एक आकडा देई, त्याला तिनानं भागायचं. बाकी शून्य उरली तर थोरला, एक उरली तर मधला, दोन उरली तर धाकटा. बटण दाबलं. मधला.

सहा महिन्यांनी पुन्हा मधला. त्यापुढच्या वेळीही मधला. नातेवाईक म्हणू लागले, मधल्याच्याच नशिबी आईची सेवा लिहिलेली दिसते. सर मान हलवायचे. "योगायोग, दुसरं काय!"

हा योगायोग नव्हे, हे सरांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. क्लासात हाच धडा ते दर बॅचला घसा ताणून शिकवत. "रँडला लहरी समजू नका. त्याच्याकडे आकड्यांची ठरलेली रांग असते. सुरुवात कुठून करायची हे एसरँड या दुसऱ्या फंक्शननं सांगितलं नाही, तर गाढव दर वेळी पहिल्याच आकड्यापासून सुरू होतं! म्हणून त्याला घड्याळातली वेळ द्यायची." ज्यानं ही एसरँडची ओळ लिहिली नाही त्याला ते भर वर्गात उभं करत. घरच्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ पहिल्यांदा खरोखरच घाईत राहिली होती. दुसऱ्या सोडतीच्या वेळी ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ती घातली नाही, एवढंच. आपण लबाडी काही केलेली नाही, फक्त एक ओळ टाइप करायचा कंटाळा केलाय, अशी ते स्वतःची समजूत घालत.

मधल्याचं घर दोन खोल्यांचं. शिवणयंत्रं दुरुस्त करायचं त्याचं काम घरातच चाले, त्यामुळे आईच्या उशाशी पट्टे, चाकं आणि तेलाचा डबा. सरांकडे चार खोल्या होत्या, पण त्यातली एक क्लासची आणि एक पाहुण्यांसाठी राखलेली. पाहुणे आले की ती बैठकीची खोली म्हणून उघडायची. पाहुणे येत नसत.

पाचव्या सोडतीला सगळे सरांकडे जमले. आईची पिशवी दाराशी होती. सरांनी बटण दाबलं. मधला.

"भाऊजी, पुन्हा एकदा दाबा ना. गंमत म्हणून," मधल्याची बायको म्हणाली. सासू तिला नकोशी झाली नव्हती. पण तिचे गुडघे बोलायला लागले होते, आणि सहा महिने तरी कोणी हातभार लावावा असं तिला फार वाटत होतं.

सरांनी दाबलं. मधला. मग धाकटा पुढे सरकला आणि त्यानं स्वतःच्या हातानं चार-पाच वेळा दाबलं. मधला, मधला, मधला.

"दादा, याला दुसरं नावच येत नाही का?"

"अपडेट राहिलं असेल," सर पुटपुटले. त्यांची बायको चहा ठेवायच्या निमित्तानं आत सटकली. सगळ्यांच्या नजरेखाली सरांनी ती ओळ टाइप केली. बोटं इतकी अडखळली की एखाद्या विद्यार्थ्याची अशी अडखळली असती तर त्यांनी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. मग बटण दाबलं.

थोरला.

"ही चाचणी होती," असं म्हणून सरांनी पुन्हा दाबलं. थोरला.

"आता तिसऱ्यांदा दाबू नकोस," आई म्हणाली. ती मघापासून स्क्रीनकडे नाही, घराकडे बघत होती. "माझी खाट कुठे आहे?"

"खाट? आणू की. आत्ताच तर नाव आलं माझं."

"धाकट्यानं त्याच्या घरी दुसऱ्या सोडतीच्या आधीच आणून ठेवली. त्याचं नाव एकदाही आलं नाही, तरी खाट अजून तिथेच आहे. कोणाचं नाव येईल हे त्याला ठाऊक नव्हतं ना." तिनं सरांकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं."

सरांना कित्येक वर्षांनी लाज वाटली, आणि ती त्यांना अजिबात आवडली नाही.

आई राहिली. दुपारी ती क्लासच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन आडवी झाली आणि सर खाट आणायला बाहेर पडले. दुकानदारानं तीन-चार दाखवल्या. सरांनी एकीवर हात दाबून पाहिला, कोणी ओळखीचं नाही ना याची खात्री केली आणि हळूच विचारलं, "सहा महिन्यांसाठी भाड्यानं मिळेल का?"