ठिपका नसलेली हातगाडी

अंधेरीच्या आमच्या चौकात रोज चहाला भेटणारा हा माणूस समोर बघून चालतच नाही. नजर कायम खांबांच्या टोकाशी असते, कारण तिथले वायरलेस डबे त्याने लावलेत. पुढे कोण आहे ते रस्त्याने गाडीला कळवायचं, असं त्याचं काम. "खांब बोलला, गाडीने ऐकलं, की झालं ना," हे तो एका चहात तीनदा म्हणतो. नाव मी कधी विचारलं नाही, त्यानेही माझं नाही.

परवा चाचणी होती. या डब्यांशी बोलणारं यंत्र बसवलेली प्रत्येक गाडी त्याच्या लॅपटॉपवर हिरवा ठिपका होऊन सरकत होती. तेवढ्यात भाजीवाल्या मावशी हातगाडी ढकलत चौकाच्या मधोमध आल्या. स्क्रीनवर तिथे ठिपका नव्हता.

"मावशी कुठायत यात?" मी विचारलं.

"हातगाडी बोलत नाही, यार."

एवढं म्हणून त्याने लॅपटॉप माझ्या हातात कोंबला आणि धावत चौकात जाऊन नुसता तळहात पुढे करून भरधाव टेम्पो थांबवला. मावशी पलीकडे पोचल्या.

परत येऊन त्याने गार झालेला चहा उचलला. "मी मधे उभा होतो, तेव्हा यात काय दिसत होतं?"

"टेम्पोचा ठिपका, आणि त्याच्यापुढे चौक रिकामा," मी म्हणालो.