खाऱ्या वाऱ्याचे वैरी

तापलेले तेल आणि नुकतेच कापलेले पितळ यांचा एकत्र वास, किंचित गोडसर, जिभेवर ओल्या नाण्यासारखा रेंगाळणारा, कुठेही आला की माझ्या डोळ्यांसमोर आमचे भावोजी उभे राहतात. माझ्या यजमानांचे हे थोरले बंधू. त्यांनी उभ्या जन्मात फक्त एकाच बाईचे ऐकले, आणि ती बिडाची होती. सख्ख्या बायकोचे त्यांनी ऐकले नाही, भावाचे नाही, ग्रामपंचायतीचे नाही, छातीला नळी लावून समजावणाऱ्या डॉक्टरांचे तर मुळीच नाही. मात्र आमच्या वाडीच्या मागल्या पडवीत उभ्या असलेल्या त्या मिलिंग मशीनने नुसता सुस्कारा टाकला, तरी हातातला घास ताटात ठेवून ते उठत. ज्या कारखान्यात त्यांचे केस पिकले, तिथला टूलरूम विभाग बंद झाला तेव्हा इतरांनी निरोपाची भेट म्हणून घड्याळ घेतले. भावोजींनी भंगारात निघालेले हे यंत्र मागून घेतले. मग दोन पावसाळे खपून त्यांनी तिची हाताने फिरवायची चाके काढली, तिथे मोटारी बसवल्या आणि माझ्या मुलाने टाकून दिलेला संगणक तिच्या डोक्याशी जोडला. आता आकडे भरले की पुढचे कोरणे-कापणे ती आपले आपण करते, आणि भावोजी शेजारी उभे राहून, नातवंडाने पहिले पाऊल टाकावे तसे कौतुकाने पाहतात. अशा यंत्राला सीएनसी म्हणतात. आमच्या जाऊबाई सवत म्हणतात.

आता, काशीदच्या इतक्या जवळ, समुद्रापासून एका हाकेवर, लोखंडावर जीव लावणे हा मुळात शहाणपणाचा व्यवहार नव्हे. इथे दाराच्या कड्या गंजतात, सायकली गंजतात, देवघरातली घंटासुद्धा दर पावसाळ्यानंतर घसा बसल्यासारखी वाजते. ज्या वाऱ्यासाठी पाहुणे मुंबईहून रो-रो बोटीत गाड्या घालून येतात आणि शेजाऱ्यांच्या गॅलरीत डोळे मिटून बसतात, तो वारा भावोजींच्या लेखी पिढीजात दरोडेखोर. शेजाऱ्यांनी समुद्राकडे नव्या खिडक्या पाडल्या. भावोजींनी होत्या त्या विटांनी बुजवल्या. सूर्यास्त दिसणारी आमच्या गावातली सर्वांत देखणी भिंत गिलावा करून कायमची आंधळी केली, आणि वर मला विचारले, "काय कवयित्रीबाई, कसं वाटतं आता?" मी म्हटले, "भावोजी, तुरुंग छान झालाय." ते समाधानाने म्हणाले, "कोरडा आहे ना? मग झालं."

यंत्राच्या पायाशी, दमटपणा शिरू नये म्हणून, बाराही महिने एक पिवळा दिवा जळतो. "देवापुढचा दिवा इझला तर चालतो," जाऊबाई म्हणतात, "हिचा इझला तर घरात सुतक." रोज संध्याकाळी यंत्राच्या अंगावरून तेलाचा हात फिरतो, आणि वर जुन्या लुगड्यांची तेल प्यायलेली गोधडी पडते. पुसायला मऊ, बिनरंगाचे, खूपदा धुतलेले सुतीच कापड लागते, म्हणून भावोजींची नजर सतत बायकांच्या लुगड्यांवर. एकदा चहा घेताना त्यांनी जाऊबाईंचा पदर दोन बोटांत धरून, जाणकार व्यापाऱ्याच्या गांभीर्याने मान हलवली. म्हणाले, "पुसण्याजोगं होत आलंय हे." "अवो, अंगावर हाय माझ्या अजून!" जाऊबाई किंचाळल्या. लग्नाला चाळीस वर्षे होत आलेल्या नवऱ्याने पदराला हात लावल्याचा हा आमच्या घरातला एकमेव नोंदवण्याजोगा प्रसंग.

पण वाऱ्यापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे माणसाचा हात. काही माणसांच्या घामाने लोखंड एका रात्रीत गंजते, काहींच्या घामाने नाही. हा भावोजींनी कारखान्यात शिकलेला धडा, आणि मनुष्यजातीची त्यांना मान्य असलेली एकमेव वर्णव्यवस्था. यंत्र घरी आले तेव्हा घासून आरसा केलेली पोलादी वडी त्यांनी घरभर फिरवली आणि प्रत्येकाला अंगठा टेकवायला लावला. दुसऱ्या दिवशी निकाल लागला. माझे यजमान गंजले. जाऊबाई गंजल्या. खुद्द भावोजीही थोडे गंजले, म्हणून ते आजतागायत हातमोजे घालतात. मी तेवढी स्वच्छ उतरले. या घरात माझ्या कवितांना जे प्रमाणपत्र मिळाले नाही, ते अंगठ्याला मिळाले. पुढे पुतणीला पाहायला अलिबागहून मुलगा आला, तेव्हा पोह्यांच्या बशीआधी त्याच्या हातात वडी आली. बिचाऱ्याला वाटले, आमच्याकडची रीत असेल. त्याने ती दोन्ही हातांनी भक्तिभावाने धरली आणि कपाळालाही लावली. सकाळी वडीवर तांबूस दहा बोटे आणि एक कपाळ. "मुलगा गंजतो," भावोजींनी जाहीर केले. पुतणीने तरीही त्याच्याशीच लग्न केले. जावई सुखात आहेत. फक्त पडवीच्या उंबऱ्यापलीकडे त्यांना अजून प्रवेश नाही.

दसऱ्याला गावातले यच्चयावत यंत्र हळदीकुंकवाने माखते, आमच्याकडे कुंकू लागते ते हत्यारांच्या लाकडी खोक्याला, कारण "देवाला ओलावा चालतो, बिडाला नाही." नारळ तर अंगणापार, विहिरीजवळ फोडायचा. खोबरे तेवढे आत येते, तेही पुसून.

या सगळ्याला मी हसत आले, हे कबूल. पण एका गोष्टीला मी कधी हसले नाही, आणि ती म्हणजे भावोजींचा कान. यंत्र नीट कापत असले की त्याचा एक अखंड, मधाळ घुमार निघतो. कापणारा दातेरी कटर बोथटला की त्यात बारीक वाळू मिसळते. ती वाळू त्यांना अंगणातून ऐकू येई. मुरुडची एसटी वळणावर आली की डोळे न उघडता ते सांगत, "पुढचं डावं चाक रडतंय." एकदा मी ओटीवर नवी कविता म्हणत होते. भावोजी खिळे निवडत बसलेले. म्हणाले, "तिसऱ्या ओळीत अडखळतंय बघ." मी रागावले; आत जाऊन मात्रा मोजल्या; एक जास्त होती. त्यानंतर वर्षानुवर्षे प्रत्येक कविता मी त्यांच्या आसपास, सहज म्हटल्यासारखी म्हणत असे. ते तिला कुठे ना कुठे कुरतडत. गेल्या वर्षापासून मात्र ते नुसते "छान आहे" म्हणू लागले. मी मनात म्हटले, चला, गृहस्थ म्हातारा आणि सभ्य झाला. ते सभ्य "छान" मला फार लागले.

यंदा श्रावणात, पावसाळी बंदी उठून होड्या पाण्यात उतरायच्या दिवसांत, मुरुडचे एक नाखवा आपल्या होडीचे तुटके चाक घेऊन आले. जाळे ओढायच्या रहाटाचे पितळी चाक. "ह्ये झालं तर होरी सुटंल, काका," ते म्हणाले, "न्हायतर सगल्यांच्या होऱ्या गेल्या नि आमची किनाऱ्यावर." नव्या चाकासाठी त्यांनी ओतून आणलेला कच्चा तुकडा एकच होता. भावोजींनी तो यंत्रावर चढवला. दुपारी मी चहा घेऊन पडवीत गेले तेव्हा घुमार चालू होता, पितळेचा सोनेरी भुसा उडत होता, आणि भावोजी हातमोजा काढून, उघडा तळवा यंत्राच्या खांबावर टेकवून उभे होते. उघडा, गंजणारा तळवा! मी काही टोमणा जुळवत होते, तेवढ्यात आवाज फुटला. वाळू नव्हे, खडे. किणकिणत, दाताखाली यावेत तसे. मी त्यांच्याकडे पाहिले. ते शांत होते. चेहऱ्यावर तेच कौतुक, नातवंडाचे पहिले पाऊल पाहणारे. खडे वाढले. मी "भावोजी!" म्हणून ओरडले, ते वळले नाहीत. ज्या लाल बटणाला हात लावणाऱ्याचे हात तोडीन असे त्यांनी घरभर बजावले होते, ते मी दाबले.

तळव्याखालची थरथर थांबली तेव्हा ते वळले. "कुणी थांबवलं?"

"मी. आवाज बदलला होता, भावोजी. तुम्हाला..." ते माझ्याकडे बघत होते, पण डोळ्यांत नव्हे. माझ्या ओठांकडे.

ते वाकले. कटरचा एक दात उडाला होता. आणखी थोडे तसेच रेटले असते, तर नाखव्यांचे चाक गेलेच असते, आणि कटर ज्या उभ्या दांड्यात बसतो, तो यंत्राचा कणाही कायमचा वाकला असता. ते पाठमोरे होऊन, फार हळू, तो दात नसलेला कटर सोडवू लागले. यंत्र अवेळी बंद पडल्याचे ऐकून जाऊबाई उंबऱ्याशी आल्या होत्या. त्या नेहमीच्या मोठ्या आवाजात बोलल्या, आणि भावोजींची पाठ हललीसुद्धा नाही.

"इचारू नको त्यांना काय. वरीस झालं."

"वहिनी, मग तुम्ही रोज एवढं भांडता ते? ऐकत नाहीत, ऐकत नाहीत म्हणून?"

"मंग? म्या भांडले की लोक म्हनतात, म्हातारा ऐकून न ऐकल्यासारखं करतोय." त्यांनी पदराने कपाळ टिपले. "त्ये बरं हाय. त्ये लई बरं हाय."

आणि त्या आत जाऊन, सबंध आळीला ऐकू जाईल अशा सुरात, चहा गार झाल्याबद्दल नवऱ्याचा उद्धार करू लागल्या.

खिडक्या बुजवल्या होत्या, दिवा जळत होता, गोधडी खुंटीवर होती. खारा वारा शेवटी शिरायचा तिथून शिरला होता. भावोजींनी नवा कटर बसवला, दोनदा ओढून पाहिला. मग त्या पडवीत ज्यावर आजवर कुणालाही बसू दिले नव्हते, ते स्टूल त्यांनी यंत्राजवळ ओढले, जाऊबाईंच्या जुन्या लुगड्याच्या फडक्याने नीट पुसले, आणि मला बसण्याची खूण केली. हिरवे बटण दाबले. घुमार पुन्हा उठला, मधाळ, सलग. त्यांनी तळवा खांबावर टेकवला आणि नजर माझ्या ओठांवर ठेवली. टूलरूममध्ये चाळीस वर्षे ज्याने दुसऱ्याच्या कानावर कधी विश्वास टाकला नव्हता, तो माणूस, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा, मला म्हणाला,

"सांग."