दत्तू मास्तरांची राहिलेली माती

सावद्याहून सकाळी निघाले तेव्हा बाबा केळीच्या बागेत कापणीला गेलेले होते. रस्त्यावर ट्रक उभा होता. डोक्यावर घड घेऊन बागेतून बाहेर येताना त्यांनी मला पाहिलं, घड उतरवला नाही, नुसती मान हलवली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. जळगावला बी.ए. केलं, मग परगावी सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या कॉलेजात) धर्मशास्त्राची पदवी घेतली. दोन्ही वेळा पहिल्या वर्गात. हे मी सांगते, कारण सांगण्यासारखं आहे.

पण पदवीने पाळक होता येत नाही. एखाद्या मंडळीने (चर्चच्या सभासदांनी) आपल्याला घ्यावं लागतं. रविवारी उपदेश करायचा, मग लोक हात वर करतात. एका गावाने आधीच नाही म्हटलं होतं. उपदेश चांगला होता म्हणाले, पण बाई आहे. आता साक्रीच्या पलीकडचं, डोंगराच्या पायथ्याचं दुसरं गाव. तिथे बरेच दिवस पाळक नव्हता.

जळगावला बस बदलली. शेजारी नऊवारीतल्या एक आजी बसल्या होत्या. पारोळ्याच्या अलीकडे टायर बसला, आणि सगळे उतरून बाभळीच्या तोकड्या सावलीत उभे राहिलो. आईने बांधून दिलेली कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा मी सोडला. अर्धी आजींना दिली.

"कोठे चालनी वं माय?" (कुठे निघालीस बाई?)

मी सांगितलं. पाळक म्हणजे काय, तेही सांगितलं. लग्न लावते, आजाऱ्याजवळ बसते, गेलेल्याला माती देते.

आजींचा घास थांबला. "बाईमाणूस माती देस? आमनाकडे बाया मसनवटमा जातस नहीत." (आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत.) मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "ठेचा मात्र मस्त शे. कोनी करा? तू?"

"आईने."

"तेच म्हनस मी."

टायर बदलून बस निघाली. पारोळ्याचा किल्ला खिडकीतून सरकला, काळा, गावाच्या अंगावर रेललेला. धुळ्याला पुढची गाडी धावत जाऊन धरली. कुसुंबा, नेर मागे पडलं, पांझरेचं पात्र कोरडं पांढरं दिसत राहिलं. साक्रीनंतर रस्ता अरुंद झाला आणि क्षितिजावर डोंगर उभे राहिले. आमच्याकडे केळीच्या हिरव्यागार भिंती, इथे माळ, हरभऱ्याचे तुकडे आणि लांबवर दिसणारं एकेक माणूस.

थांब्यावर मंडळीचे ज्येष्ठ पंच, नाना, घ्यायला आले होते. पांढरी टोपी, पायात चामडी चपला. "बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात," (सगळे वाट पाहताहेत) म्हणाले आणि माझी पिशवी हातातून काढूनच घेतली.

नानांच्या ओट्यावर पाणी झालं, चहा झाला. समोरच्या घराचं दार लोटलेलं होतं. अंगणात झाडलोट नव्हती. मी विचारलं, "तिकडे कोण राहतं?"

"शेतात गेलेत," नाना म्हणाले. त्यांच्या घरच्या मावशींनी मान खाली घातली.

जेवायला बट्टी, वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी होती. तुपाचा वास गल्लीभर झाला असणार. मी भुकेली होते, पोटभर जेवले. हात धुतले तेव्हा नाना जवळ येऊन उभे राहिले.

"बेटा, समोरचे दत्तू मास्तर वारले. आठवडा झाला. त्यांची बायको, अक्का, घरातच शे."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. खान्देशात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गावात शिरलं आणि तिथे कोणी गेलेलं असलं, तर आधी दारावर जायचं (दुःख झालेल्या घरी भेटायला). मग पाणी, मग बाकी सगळं.

"नाना, आधी का नाही सांगितलं?"

"पहिले सांगतू, ते तू पाणीबी पिती नही. सकाळपासून उपाशी पोर." (आधी सांगितलं असतं, तर तू पाणीही प्यायली नसतीस.)

त्यांच्या डोळ्यांत खरंच माया होती, म्हणून रागावताही येईना. मी तशीच ओल्या हातांनी समोर गेले.

मंगल अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी उंबऱ्याशी आले तशा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"जेवीखाईसन कोनी दारवर येत नही, माय." (जेवूनखाऊन कोणी दारावर येत नाही.)

मला माहीत नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर बोट नानांकडे गेलं असतं, आणि त्यांचं मीठ माझ्या पोटात होतं. मी उंबऱ्याबाहेर खाली बसले. सेमिनरीत शोकाच्या घरी कसं बसावं याचा अख्खा एक विषय होता. बोलू नका, समजूत घालू नका, घड्याळ पाहू नका. पुस्तकातलं ज्ञान गावात चालत नाही म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझं चाललं. मी बसून राहिले. ऊन ओट्यावरून खाली उतरलं.

मागून नानांचा आवाज आला. ते गल्लीतच उभे होते, टोपी हातात.

"अक्का, चूक मन्ही शे. हिले माहीत नव्हतं. मीच लपाडं."

 अक्कांनी तोंड आमच्याकडे वळवलं. "नाना, तुमले जेवाडाना भलता शौक." (तुम्हाला जेवू घालायची भारी हौस.)

मग त्या माझ्याशी बोलू लागल्या. मास्तर रविवारी मुलांना शास्त्र (बायबल) शिकवायचे. पाळक नसतानाही शाळा त्यांनी चालू ठेवली. नेहमी म्हणायचे, शिकलेला पाळक येईल, तोच मला माती देईल. पण माती द्यायला नानाच होते, आणि नाना तर मास्तरांचे बालमित्र. स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली, आणि माती टाकताना म्हणायचे शब्द आले तिथे ते अडले. पुढे म्हणताच आलं नाही. माणसांनी तशीच माती लोटली.

"बठ्ठं व्हयनं, शेवटलंच ऱ्हाई गयं," अक्का म्हणाल्या. (सगळं झालं, शेवटचंच राहून गेलं.) "मी ते गयीच नही. माणसेसनी येईसन सांगं. तू म्हणशी का ते?" (मी तर गेलेच नाही, माणसांनी येऊन सांगितलं. तू म्हणशील का ते?)

"म्हणेन. पण तुम्ही बरोबर चला."

"बाया जातस नहीत."

"मी बाईच आहे, अक्का."

गल्लीतून नाना घाईने पुढे आले. मला बाजूला घेतलं. "बेटा, उद्या हात वर व्हायचे शेत. पंच बठ्ठा जुने. हिला कबरस्तानात नेलं तर तू हरशील. सोमवारी जा ना."

ते खरं बोलत होते, आणि माझ्या भल्याचं. एक गाव गेलं होतं, दुसरं समोर होतं. मी अक्कांकडे पाहिलं. त्या पदर सावरून उभ्या राहिल्या होत्या, चपला शोधत.

आम्ही गेलो. गावाबाहेर बोरीच्या काट्यांचं कुंपण, आत दगड लावलेल्या कबरी. शेवटच्या ढिगाऱ्याची माती अजून बसली नव्हती. नाना मागून आले आणि कुंपणाच्या आत उभे राहिले. मी पुस्तक उघडलं नाही, शब्द पाठ होते. मातीला माती म्हटलं, आणि पुनरुत्थानाच्या आशेचे शब्द म्हटले, सावकाश, नानांचं जिथे थांबलं होतं तिथून शेवटपर्यंत. अक्कांनी मूठ भरली, पण लगेच सोडली नाही. मातीतला एक खडा वेचून बाजूला टाकला, आणि मग मूठ उघडली.

रविवारी मी उपदेश केला. चांगला केला. मग नाना उठले. तिथे घरागणिक एक हात असतो, घरधनी वर करतो. नाना आपला डावा हात वर ठेवून उजव्या बोटाने मोजत गेले. पुढच्या ओळीतल्या पंचांचे हात मांडीवरच राहिले. मागे बायकांच्या बाजूला एकच हात वर होता. मास्तर नाहीत, मुलगा सुरतेला, म्हणजे त्या घरच्या धनी आता मंगल अक्का.

हात कमी पडले. नानांनी खालच्या आवाजात तसं सांगितलं. सगळे हात खाली आले. अक्कांचा आला नाही.

"अक्का, मोजणी झाली."

"तुमनी व्हयनी. मन्हा हात आजून वरच शे."

कोणी हसलं नाही. शेवटचं गीत सुरू झालं, तरी तो हात तसाच होता.

थांब्यावर अक्का आल्या. फडक्यात भाकरी बांधून दिली. बस दिसली तेव्हा म्हणाल्या, "मन्हा टाईमले तूच येजो." (माझ्या वेळी तूच ये.) मी हो म्हटलं. पाळकाने जे वचन द्यायचं असतं, ते मी पहिल्यांदा त्या थांब्यावर दिलं.

परतीला टायर बसला नाही, रस्ता लवकर सरला. पारोळ्याला किल्ल्याकडे पाहताना मनात आलं, की सेमिनरीत मी शिकले ते हात मिळवायला नव्हे. तरी वाईट वाटत होतं. वाटत होतं, ते लपवणार नाही. सोमवारपर्यंत थांबले असते तर कदाचित आज पाळक असते. पण मग पाळक म्हणून काय केलं असतं, ते मला सांगता येईना.

सावद्याला उतरले तर बाबा थांब्यावर उभे होते, खांद्यावर केळीच्या चिकाने काळं झालेलं फडकं.

"काय झालं? मंडळी मिळाली का?"

"मिळाली," मी म्हटलं. "एका घराची."

बाबांनी पिशवी घेतली, आणि आम्ही घराकडे चालू लागलो.