सासूबाईंच्या गोळ्या

चिंचवडजवळची आमची जमीन कारखान्यांसाठी गेली, त्या वर्षी सासूबाईंची झोप उडाली. पहाटे उठून शेतावर जायची सवय, आणि आता जायला शेतच नव्हतं. छातीत धडधडायचं, हातपाय गार पडायचे. स्टेशनाजवळच्या डॉक्टरांनी डायझेपामच्या गोळ्या दिल्या. "थोडे दिवसच घ्या," असं बजावलंही. गोळ्यांनी खरंच गुण आला. त्या शांत झोपायला लागल्या, माझ्याशीही गोड बोलायला लागल्या. मी नवी सून, मला तर हायसं वाटलं.

पण गोळ्या चालूच राहिल्या. डॉक्टरांकडे परत कोणी गेलं नाही. औषधाच्या दुकानात ओळख होती, रिकामं पाकीट दाखवलं की नवं मिळायचं. एकीच्या दोन झाल्या. सासूबाई दिवसाही पेंगायच्या. एकदा चुलीपुढे बसल्या बसल्या डोळा लागला आणि पदर जळाला. वय झालं, असं आम्ही धरून चाललो.

मग दुकानात नवा माणूस आला. "या गोळ्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत," त्यानं माझ्या नवऱ्याला सांगितलं. यांना शिफ्ट आणि वर ओव्हरटाइम, डॉक्टरांकडे जायचं राहूनच गेलं.

"ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "न्हाई घेतल्या तर मरत न्हाई मी."

दोन-तीन दिवसांत हात इतके थरथरू लागले, की कपबशी धरवेना. घाम फुटायचा, झोप तर नाहीच. एके सकाळी ओट्यावर बसल्या असतानाच फिट आली. शेजाऱ्यांच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. शिरेतून इंजेक्शन दिल्यावर फिट थांबली.

"कसलं इंजेक्शन होतं?" मी विचारलं.

"त्या घेत होत्या तेच औषध," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीराला सवय लागली होती आणि तुम्ही एकदम बंद केलंत. हे हळूहळू सोडवावं लागतं."

त्यांनी सांगितल्याप्रमाणे गोळ्या पुन्हा सुरू केल्या, आणि मग आधी एक गोळी कमी केली, मग अर्धी, मग पाव. अडकित्त्यानं तुकडे मी करायची.

"एवढासा तुकडा? चिमणीला घालतीयास व्हय?" सासूबाई चिडायच्या. मध्येच थरथर वाढली की पुढचा तुकडा कमी करायचं लांबणीवर टाकायचो.

सुटायला बरेच महिने गेले. झोप पहिल्यासारखी कधी आली नाही, पण त्या दिवसा जाग्या राहू लागल्या.

पुढे शेजारच्या बाईनं झोपेची गोळी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "आदी डाक्टरला दाव. आन् कवा बंद करायची, त्ये बी इचारून घे."