आजोबांचा शुद्ध गंधार

बडोद्यात गाढवं जास्त की पियानो, असं कुणी विचारलं तर गाढवं पुष्कळ पुढे आहेत, आणि सुरातही बहुधा तीच बरी. उरलेले पियानो मी लावतो. यंत्र वापरत नाही, कानाने लावतो. माझा कान असा, की पाणीगेटला कुणी चमचा पाडला तर सयाजीगंजात बसून मी त्याची पट्टी सांगतो.

फतेगंजातल्या एका फ्लॅटमधलं पियानोचं धूड मात्र मी विसरणार नाही. घरात एक शाळकरी नात आणि तिचे आजोबा. आजोबा रिफायनरीतून निवृत्त, पण जन्मभर तानपुरा घेऊन गायलेले. कुकरच्या शिट्टीचा सूर उतरला म्हणून त्यांनी अख्खा कुकर परत केला होता. त्या दिवशी नातीची पियानोची परीक्षा होती. आजकाल परीक्षक येत नाही. सगळ्या रचना सलग वाजवायच्या, न कापता व्हिडिओ काढायचा आणि संध्याकाळच्या आत पाठवायचा. मुदत चुकली की वर्ष गेलं.

सकाळी मी कामाला बसलो. दोन पट्ट्या एकत्र दाबल्या की सूर सरळ उभा राहत नाही, हेलकावे खातो: वँव, वँव, वँव. पियानोत हे हेलकावे मारून टाकायचे नसतात, सगळ्यांना वाटून द्यायचे असतात. कारण रचना बदलली की बारा पट्ट्यांपैकी कुठलीही उठून षड्ज होऊन बसते. सा आणि प संथ डुलले पाहिजेत, पाण्यातून निघालेल्या म्हशीसारखे. सा आणि ग भराभर थरथरले पाहिजेत, आणि एकेक पट्टी वर सरकावं तशी ती थरथर किंचित वाढली पाहिजे. ती मोजत मोजत मी सप्तक बांधतो.

आजोबा पाठीशी उभे.

"गंधार चढलाय."

"चढवलाच आहे, आजोबा."

"मग उतरवा की! हिवताप झाल्यासारखा कापतोय बिचारा."

"तेवढा ताप त्याला हवाच."

"अच्छा! म्हणजे बेसूर करायला खास माणूस बोलावलाय आम्ही."

काम संपवून मी शेवउसळ खायला खाली उतरलो. ती इतकी तिखट होती की कानातून धूर निघाला, आणि तो विझेपर्यंत दुपार झाली. परत येतो तर तारा पिळायचा माझा पाना आजोबांच्या हातात, सदरा घामाने भिजलेला, चेहऱ्यावर समाधी.

"ऐका आता!" म्हणत त्यांनी सा-ग-प दाबलं. खोटं कशाला बोलू, सूर असा निश्चल की वीज असून पंखा थबकला. मधले सगळे गंधार, धैवत, निषाद त्यांनी तानपुऱ्याशी जुळवले होते. एक लहर शिल्लक नव्हती.

"सुंदर," मी म्हणालो. "आता हिला वाजवू द्या."

नातीची पहिलीच रचना अशी, की आजोबांचा तो गंधार तिथे षड्ज. तिने दोन्ही हात ठेवले मात्र, सोसायटीतली कुत्री एकदम रडू लागली.

"आजोबा, आ शुं कर्युं तमे?"

"शुद्ध केलं."

"माझी परीक्षा आहे, तुमची मैफल नाही!"

मी पुन्हा पाना घेतला. आजोबांनी शुद्ध केलेली एकेक तार पुन्हा बिघडवत, थरथर मोजत बसलो. उन्हं कलली. काम संपलं तेव्हा एकदाच वाजवण्यापुरता वेळ उरला होता. आजोबांना गॅलरीत बसवून आम्ही दार लावलं.

नात एकेक रचना वाजवत गेली. शेवटचे सूर तिने दाबून धरले, ते हळूहळू विरू लागले. तेवढ्यात दारापलीकडून आजोबांच्या गळ्यातला गंधार लागला. त्यांच्या मते पियानोत राहून गेलेला, अगदी जागेवरचा. पियानोचा गंधार चढा, आजोबांचा शुद्ध. दोघांची टक्कर होऊन खोलीभर अशी थरथर उठली की मी सवयीने मोजायलाच लागलो.

नातीने सूर पूर्ण विरेपर्यंत बोट उचललं नाही. मग कॅमेरा बंद केला.

आजोबा दार ढकलून आत आले. "आला की नाही जागेवर?"

तिने त्यांच्याकडे रोखून बघत फोनवर अंगठा दाबला.

"पाठवलं," ती म्हणाली. "तुमच्यासकट."