त्या दुपारी शबानाकडे बसलेली मी

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आमच्या घरी पौर्णिमेला बुद्धवंदना होते. उतारे, लिंबू-मिरची, अंगात येणं... हे आमच्याकडे कोणी तोंडातूनही काढत नाही. या ग्रुपवर लोक असले अनुभव लिहितात ते वाचून मी आजवर हसतच आले. तेव्हा मला कोणी हसलं तर मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण बोलणार नाही.

मी आर्णीला राहते. घराच्या पुढच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करून देते. गल्लीच्या टोकाला शबानाचं घर, तिच्या नवऱ्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून मैत्रीण म्हणावी अशी ही एकच. लग्नसराईत साड्यांचा ढीग पडला की मशीनचं काम मी करते आणि फॉलची हातशिलाई आम्ही दोघी मिळून करतो. दुपारी जेवणं आटोपली की तिच्या घरी मोबाईलवर पिक्चर लावायचा आणि सुई चालवत बसायचं. बाईसाहेबांची आवडही ठरलेली! दोन मैत्रिणी, एक सुनं घर, आणि शेवटी कळतं की त्यातली एक कधी नव्हतीच. नाहीतर कोण कोणती तेच कळत नाही.

"दोघीबी येड्या हायेत व. दवाखान्यात न्या म्हणा त्यायले," मी म्हणायची.

"चूप बस न माया, आता तं मजा येते!" ती मला गप्प करायची.

आमचा एक नियम होता. अर्धा राहिलेला पिक्चर दुसरीला सोडून पाहायचा नाही.

मागच्या हिवाळ्यात असाच एक अर्धा ठेवून मी माहेरी, उमरखेडला गेले. भावाच्या मुलीचं बारसं होतं. आत्या मी, म्हणजे बाळाच्या कानात नाव मलाच सांगायचं होतं. भर दुपारी मांडवात सगळे नातेवाईक जमलेले, बाळ माझ्या हातात. मी वाकले, आणि तोंडात भलतंच नाव आलं.

इथे एक गोष्ट सांगावीच लागेल. माझं पहिलं बाळ जन्मतःच गेलं. मुलगी होती. मी बेशुद्ध होते, शुद्धीवर येईपर्यंत सासूबाईंनी आणि बाकीच्यांनी तिला नेऊन मातीही दिली होती. "पाहून काय करतं बाई, जीव अडकते," असं सासूबाई म्हणाल्या. त्यानंतर आमच्या घरात तो विषय कोणी काढला नाही, मीही नाही. पण पोटात होती तेव्हापासून मी तिचं एक नाव मनात ठेवलं होतं. ते मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही. तेच नाव त्या मांडवात ओठाशी आलं. मी ते गिळलं आणि भावानं ठरवलेलं नाव बाळाच्या कानात सांगितलं. मग पेढे वाटले, फोटो झाले.

दुसऱ्या दिवशी आर्णीला परतले. पिशवी घरी टाकली आणि थेट शबानाकडे.

"चाल, लाव तो पिक्चर."

"कोणता? तो तं काल झाला न पाहून."

मला असा राग आला! "माह्याशिवाय पाहिला? लाज नाही वाटत तुले?"

"अवो, तुह्याचसंगं पाहिला! कायले मजाक करून राह्यली?"

मी हसले. ती काही हसेना. म्हणाली, "काल जेवण झाल्यावर तू आलती. या साडीचा अर्धा फॉल तू शिवला, अर्धा म्या."

तिनं साडी माझ्या मांडीवर टाकली. मी डावखुरी आहे. माझे टाके उलट्या बाजूला तिरपे पडतात, त्यावरून ती मला चिडवतेही. त्या फॉलचे अर्धे टाके तिचे होते. पुढचे अर्धे माझे... शेवटची गाठसुद्धा मी मारते तशी.

मी मोबाईल काढून तिला बारशाचे फोटो दाखवले. बाळाच्या कानाशी वाकलेली मी, बाजूला माझी आई, भावजय. शबाना एकेक फोटो पाहत गेली आणि तिचा चेहरा उतरला.

"मंग काल म्या कोणाले पोटाशी धरलं व माया?"

"म्हणजे?"

"पिक्चर संपला अन् तू रडाले लागली. असं रडताना म्या तुले कधी पाह्यलं नवतं. पोरीचं सांगतलं तू. नावबी सांगतलं."

आणि तिनं ते नाव घेतलं.

ते नाव मी पहिल्यांदाच कोणाच्या तोंडून ऐकत होते. इथे मी ते लिहिणार नाही.

"अजून काय म्हणली मी?"

"म्हणली, डोकंभर काळे केस होते. अन् उजव्या कानामागं तीळ होता, मसुरीच्या डाळीएवढा."

मी तशीच उठून घरी आले. सासूबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आई, तिच्या कानामागं तीळ होता काय?"

कोणाच्या, हे त्यांनी विचारलं नाही. शेंग हातात तशीच राहिली.

"तुले कोणं सांगतलं? म्या तं आजवर कोणाजवळ बोलली नाही." मग त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मी घरात निघून गेले.

नवरा म्हणतो, बेशुद्धीत नाव बोलली असशील, तेच कोणी ऐकलं असेल. बरं, नावाचं धरू. तिळाचं काय? मी तो पाहिलाच नव्हता, तर सांगणार कुठून? आणि टाके? शबाना खोटं बोलत असेल असं मला शंभरदा वाटून गेलं, तसं असावं असंही वाटलं. पण ती आता मला भिते हो. साड्या नवऱ्याच्या हाती परत पाठवते. मी गेले तर दारातच उभी राहते. एकदा रडवेली होऊन म्हणाली, "रागावू नको, पण तू आली की मले समजत नाही, कोणती आली." मी परत फिरले. एकुलती एक मैत्रीण होती माझी, तीही गेली.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही, आणि होईल असं वाटत नाही. भीती वाटते का म्हणाल, तर वाटते. पण तिच्या दारावरून जाताना माझी नजर आत वळतेच. ती जी कोण होती, तिनं माझी लेक पाहिली होती. ती पुन्हा तिथे बसलेली दिसली, तर मी तिला एवढंच विचारणार आहे... माझी पोरगी कोणावर गेली होती?